दगडाआधी थर: खानदेशात जीवाश्म कसा ओळखावा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत नांगराच्या फाळाला लागलेला वाटोळा गोटा, विहिरीच्या मातीतून वर आलेला हाडासारखा लांबट खडा किंवा खदानीत फुटलेल्या कपारीवर उमटलेली फांदीसारखी काळी नक्षी पाहून हा साधा दगड आहे की एखाद्या प्राचीन जिवाचा अवशेष आहे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक असते, आणि त्याचे उत्तर बहुतेक जण त्या वस्तूच्या आकारात शोधतात. भूवैज्ञानिक मात्र ती वस्तू कशासारखी दिसते हे नंतर पाहतो आणि ती कोणत्या थरातून निघाली हे आधी विचारतो. निसर्गात गोल, लांबट, फांद्यांसारखे आणि शिंपल्यांसारखे आकार जिवाच्या मदतीशिवायही तयार होत असल्यामुळे आकाराची साक्ष फार दुबळी ठरते. याउलट थराची साक्ष सहसा फसवत नाही. ज्या प्रदेशाच्या जमिनीचा फार मोठा भाग तप्त लाव्हापासून बनला आहे, त्या खानदेशात तर थराचा प्रश्न आधी सोडवला की निम्म्याहून अधिक शंका वस्तू हातात न घेताच मिटतात.

जीवाश्म म्हणजे पूर्वीच्या भूवैज्ञानिक काळात जगलेल्या प्राण्याचा, वनस्पतीचा किंवा सूक्ष्मजीवाचा खडकात अथवा गाळात टिकून राहिलेला अवशेष किंवा त्याच्या अस्तित्वाची खूण. हाड, दात, शिंपला, अंड्याचे कवच किंवा लाकूड यांच्या सूक्ष्म पोकळ्यांत भूजलातील खनिजे साचत जाऊन त्यांचा दगड होतो, तेव्हा त्या क्रियेला अश्मीभवन म्हणतात. कधी मूळ अवशेष पूर्णपणे विरघळून जातो आणि त्याचा पोकळ साचा तेवढा मागे राहतो, तर कधी त्या साच्यात नवे खनिज भरून मूळ वस्तूची प्रतिकृती तयार होते. पावलांचे ठसे, बिळे, मुळांच्या वाटा आणि विष्ठाही या व्याख्येत बसतात. साधारणपणे १०,००० वर्षांहून जुन्या अवशेषांना जीवाश्म म्हणण्याचा संकेत आहे. त्यामुळे गिरणाकाठी बहाळ येथे किंवा तापीकाठी प्रकाशे येथे उत्खननात मिळालेली ताम्रपाषाण युगातील गुराढोरांची हाडे मौल्यवान असली, तरी ती पुरातत्त्वाच्या कक्षेत येतात. जिवाचा काहीही संबंध नसताना जिवासारखी दिसणारी जी खनिज रचना असते, तिला आभासी जीवाश्म म्हणतात, आणि खानदेशात लोकांच्या हाती लागणाऱ्या विलक्षण दगडांत यांचीच संख्या सर्वांत मोठी असते.

याचे कारण या प्रदेशाच्या जडणघडणीत आहे. विल्यम ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकाने तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचे सर्वेक्षण करून १८६९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या ग्रंथमालेत त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून या भूमीची मुख्य रूपरेषा ठाऊक आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हाचे प्रवाह एकामागून एक बाहेर पडले, त्यांचे थर एकमेकांवर साचले आणि आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. धुळे आणि नंदुरबारच्या परिसरात तर या लाव्हाने भरून थिजलेल्या भेगाही भिंतींप्रमाणे उघड्या पडल्या आहेत. त्यांना भूविज्ञानात डाइक म्हणतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या भागातील दोनशेहून अधिक डाइकांची नोंद असून त्यांपैकी काही कित्येक किलोमीटर लांबीचे आहेत. साक्रीकडे जाताना माळावर सरळ रेषेत पसरलेल्या दगडी वरंब्यांकडे एखाद्या जुन्या तटबंदीचे अवशेष म्हणून पाहिले जाण्याचा संभव असतो, मात्र ते वरंबे माणसाने बांधलेले नाहीत आणि त्यांच्यात कोणत्याही जिवाचा अंश नाही.

बेसॉल्टचा लाव्हा भूपृष्ठावर येतो तेव्हा त्याचे तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या उष्णतेत मांस, पाने आणि लाकूड जळून जातात, हाड भाजून त्याची राख होते, आणि म्हणून बेसॉल्टच्या अखंड प्रवाहात जीवाश्म सापडण्याची शक्यता जवळजवळ नसते. याला अपवाद आहे तो एवढाच, की लाव्हाने वेढलेले झाड जळून गेल्यावर त्याच्या खोडाची पोकळी क्वचित खडकात शिल्लक राहते. म्हणजेच फोडलेल्या काळ्या पाषाणाच्या पोटात दिसणारी वस्तू, ती कितीही रेखीव असली, तरी बहुतेक वेळा खनिज असते. हा नियम लक्षात ठेवला की खानदेशातील पुष्कळसे भ्रम आपोआप दूर होतात.

या भ्रमांत सर्वाधिक आढळणारा भ्रम अंड्यांचा आहे. रस्त्यासाठी टेकडी कापली किंवा मुरूम उपसला, की पिवळट तांबूस मुरुमात एकमेकांना लागून बसलेले काळे वाटोळे गोटे उघडे पडतात. त्यांच्यावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक पदर असतात आणि ते हाताने सोलता येतात. बेसॉल्ट थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आत शिरले की प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे सर्वांत आधी कुजतात, कारण कोपऱ्यावर पाण्याचा मारा तीन बाजूंनी होतो. कोपरे झिजत गेले की ठोकळा हळूहळू गोल होतो, त्याच्या भोवतीचा कुजलेला पदर मुरूम बनतो आणि मध्यभागी टणक गाभा उरतो. हा गोटा फोडला तर आत बाहेरच्यासारखाच घट्ट, एकजिनसी काळा पाषाण दिसतो. अंड्याचा जीवाश्म फोडला तर वेगळेच चित्र दिसते. त्याला आतील भरावापासून स्पष्टपणे वेगळे असलेले, एक-दोन मिलिमीटर किंवा त्याहून थोडे जाड कवच असते, त्या कवचाच्या पृष्ठभागावर बारीक फोडांसारखे उंचवटे आणि श्वसनरंध्रे असतात, आणि भिंगाखाली कवचाचे उभे स्फटिक कडेला लागून उभे असलेले दिसतात. मुरुमातील गोट्याला एकच कवच नसते, अनेक पदर असतात, आणि त्या पदरांची जाडी जागोजागी बदलत जाते.

डायनोसॉरची खरी अंडी खानदेशापासून फार लांब नाहीत. शिरपूरच्या उत्तरेस सातपुडा आणि नर्मदा ओलांडल्यावर मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ आणि कुक्षी यांच्या परिसरात ती विपुल आढळतात. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात तेथील टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, शाकाहारी डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवण्यात आली. ही अंडी लाव्हाच्या पाषाणात नसून लॅमेटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाळूमिश्रित चुनखडकात आहेत, आणि हा थर लाव्हा येण्यापूर्वीच्या नद्यांनी व तळ्यांनी साचवलेला आहे. अमरावती जिल्ह्यातील सालबर्डीच्या परिसरातही लॅमेटाचे थर उघडे पडलेले आहेत. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मात्र लाव्हाची जाडी एवढी मोठी आहे की तिच्याखालचा हा थर भूपृष्ठावर कोठेही डोकावत नाही, आणि म्हणूनच धुळ्याच्या मुरुमातील वाटोळा गोटा डायनोसॉरचे अंडे असू शकत नाही, हे तो न फोडताही सांगता येते.

धार जिल्ह्यातील पाडल्या या गावी शेतात मिळालेले असेच दगडी गोळे शेताच्या सीमेचे आणि गुराढोरांचे रक्षण करणारा ‘काकड भैरव’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजले जात होते, आणि लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतील तज्ज्ञांच्या पाहणीनंतर ती डायनोसॉरची अंडी असल्याचे वृत्त डिसेंबर २०२३ मध्ये देशभर प्रसिद्ध झाले. याच्या उलट घटना तमिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात २०२० मध्ये घडली. तेथे तलावाच्या खोदकामात निघालेले मोठे गोळे डायनोसॉरची अंडी असल्याची बातमी पसरली, पण अभ्यासकांनी तपासल्यावर ते समुद्रातील अमोनाइट या प्राण्यांच्या शंखांभोवती खनिजे साचून झालेले गोळे निघाले. दोन्ही ठिकाणी गोळ्यांचा आकार सारखाच फसवा होता. फरक पडला तो थरामुळे, कारण धारचा तो थर गोड्या पाण्याकाठच्या जमिनीचा आणि पेरंबलूरचा थर समुद्राच्या तळाचा होता.

काळ्या पाषाणातील दुसरा मोठा भ्रम वायूच्या पोकळ्यांतून निर्माण होतो. लाव्हा थिजत असताना त्यातील वायूचे बुडबुडे पृष्ठभागाकडे सरकतात आणि बाहेर पडण्याआधीच खडक घट्ट झाला तर त्यांच्या पोकळ्या आत राहतात. पुढे लाखो वर्षे झिरपणाऱ्या पाण्यातून त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, अकीक आणि गारगोटी यांचे स्फटिक भरतात. जळगावच्या परिसरातील खदानी अॅपोफिलाइट, स्टिलबाइट आणि कॅल्सिडोनी यांच्या सुंदर नमुन्यांसाठी जगभरच्या खनिज-संग्राहकांना माहीत आहेत. यातील कॅल्सिडोनी, म्हणजे गारगोटीच्या कुळातील सूक्ष्मस्फटिकी दगड, पोकळीच्या छतापासून लोंबत्या कांड्यांच्या रूपात वाढतो, तेव्हा त्या पांढुरक्या, गुळगुळीत, टोकाशी गोलसर कांड्या बोटाच्या हाडांसारख्या किंवा पोवळ्यासारख्या दिसतात. लाव्हाप्रवाहाच्या तळाशी ओल्या जमिनीची वाफ वर शिरून उभ्या नळ्या तयार होतात आणि त्या पांढऱ्या खनिजाने भरल्या की मुळांचा किंवा किड्यांच्या बिळांचा भास होतो. अशा कांडीचा आडवा छेद घेतला तर तिच्यात केंद्राभोवती खनिजाची वलये किंवा केंद्रातून बाहेर पसरणाऱ्या सुया दिसतात. हाडाच्या छेदात कडेला घट्ट भिंत आणि आत जाळीदार रचना असते, आणि पोवळ्याच्या छेदात ठरावीक अंतराने उभे राहिलेले पडदे असतात. जिवाच्या शरीराची रचना त्याच्या कामासाठी झालेली असते आणि ती प्रत्येक नमुन्यात त्याच क्रमाने पुन्हा दिसते, तर खनिजाची रचना उपलब्ध जागेनुसार बदलते. ओळखीच्या सर्व कसोट्यांत हा भेद सर्वांत उपयोगी आहे.

खडकाच्या भेगांवर उमटणारी काळी झाडे हा तिसरा भ्रम आहे, आणि तो दिसायला इतका मोहक असतो की जाणकारही क्षणभर थबकतात. मॅंगनीज आणि लोह यांची ऑक्साइडे मिसळलेले पाणी अरुंद भेगेत शिरले की त्यातील खनिज फांद्याफांद्यांनी पसरत साचते, आणि त्या नक्षीला शाखाकृती स्फटिक किंवा डेंड्राइट म्हणतात. अकिकाच्या पोटात अशी नक्षी आली की त्याला शेवाळी अकीक म्हणण्याची प्रथा आहे, जरी त्यात शेवाळ नसते. पानाच्या जीवाश्माला कडा असते, मधली शीर असते, तिच्यापासून निघालेल्या उपशिरा पुढे एकमेकींना जोडून जाळे करतात किंवा समांतर जातात. डेंड्राइटच्या फांद्या मात्र भेगेच्या कडेपासून निघून आत शिरतात, कधी एकमेकींना मिळत नाहीत, आणि त्यांना पानाची सीमारेषा नसते.

येथपर्यंतचा विचार पाषाणाचा झाला. खानदेशाची दुसरी भूमी म्हणजे तापी, पूर्णा, गिरणा, पांझरा आणि त्यांच्या उपनद्यांनी लाव्हाच्या कितीतरी नंतर साचवलेला पिवळसर गाळ. केळीच्या बागांसाठी यावल-रावेरकडे खोल विहिरी आणि बोअर याच गाळात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडमातीत घेतल्या जातात. या थराकडे जिज्ञासूंनी जास्त लक्ष द्यावे, कारण येथे प्राण्यांचे खरे जीवाश्म मिळण्याची शक्यता आहे. अशाच वयाच्या गाळातून शेजारच्या खोऱ्यांत महत्त्वाचे शोध लागले आहेत. गोदावरीकाठी नांदूर-मध्यमेश्वर येथे हत्तीच्या लुप्त जातीचे अवशेष मिळाले आणि त्यांचे वर्णन गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. मांजरा खोऱ्यातील गाळातून पाणघोडा, हत्ती आणि रानबैल यांची हाडे निघाली आहेत. नर्मदेकाठी हथनोरा येथे ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला, आणि भारतात मिळालेल्या मानवी जीवाश्मांत त्याचे स्थान आजही अद्वितीय आहे. तापीचा गाळ नर्मदेच्या गाळाचा शेजारी आहे, पण त्याच्याइतके लक्ष त्याच्या वाट्याला आलेले नाही, ही खेदाची बाब आहे.

मात्र या गाळातही एक अत्यंत हुशार बहुरूपी आहे, तो म्हणजे कंकर. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील चुना विरघळवते आणि उन्हाळ्यात ते आटले की तो चुना खालच्या थरांत गाठींच्या रूपाने साचतो. या गाठी पांढुरक्या, करड्या, वेड्यावाकड्या असतात, आणि त्यांपैकी काहींना सांध्यासारखे फुगवटे येतात. झाडांच्या मुळांभोवती चुना जमला आणि मूळ कुजून गेले, तर हाताच्या बोटांएवढ्या जाड, मधोमध पोकळ नळ्या तयार होतात आणि त्या थेट लांब हाडासारख्या दिसतात. त्यांना मुळांच्या वाटांचे जीवाश्म म्हणता येते, कारण मुळाची वाट त्यांनी खरोखर जपलेली असते, पण त्या प्राण्याच्या हाडाचा अवशेष नसतात. दोहोंतील फरक फुटलेल्या टोकाशी दिसतो. कंकराच्या भिंतीत मातीचे कण, बेसॉल्टचे बारीक तुकडे आणि चुना एकमेकांत मिसळलेले असतात आणि भोक असेल तर ते वाकडेतिकडे, जाडी बदलत जाणारे असते. हाडाची भिंत एकसारखी घट्ट आणि बाहेरून गुळगुळीत असते, तिच्यावर रक्तवाहिन्यांची बारीक भोके आणि स्नायू चिकटण्याचे कंगोरे असतात, टोकाकडे भिंत पातळ होत जाते आणि आत मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे जाळी दिसते. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग असले की हा फरक कोणत्याही शाळेतील विद्यार्थ्यालाही दिसू शकतो.

प्रयोगशाळेबाहेर केल्या जाणाऱ्या इतर चाचण्यांची मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब कंकरावर टाकला की बुडबुडे येतात आणि बेसॉल्टवर किंवा गारगोटीवर येत नाहीत, पण शिंपला व अंड्याचे कवचही चुन्याचेच असल्यामुळे तेही फसफसतात, आणि हाडाच्या पोकळ्यांत चुना साचला असेल तर हाडावरही बुडबुडे दिसतात. सच्छिद्र हाड जिभेला चिकटते, ही जुनी क्षेत्रचाचणी आहे, पण सुकी चिकणमाती आणि मऊ कंकरही जिभेला चिकटतात, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये आणि अस्वच्छ नमुन्यावर ती करूही नये. काच ओरखडली जाते का, हे पाहून गारगोटीची कठीणता कळते. मात्र सिलिकाने अश्मीभूत झालेले लाकूडही तितकेच कठीण असते. थोडक्यात सांगायचे, तर या चाचण्या दगड कशाचा आहे हे सांगतात, तो कोणाचा आहे हे सांगत नाहीत.

खानदेशात मिळालेल्या प्राचीन जैविक अवशेषांपैकी सर्वांत महत्त्वाचा नमुना चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील आहे. पितळखोऱ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या या ठिकाणी एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केले, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने त्यांचा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. अश्मयुगाच्या अनेक कालखंडांतील अवजारे एकावर एक थरांत मिळालेल्या या जागी शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे आणि त्यांपासून केलेले मणी सापडले, आणि एका तुकड्यावर समांतर रेषांच्या चौकटीत आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या होत्या. त्या कवचाचे वय किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने सुमारे २५,००० वर्षे ठरले. शहामृग आज भारतात रानात नाही, त्यामुळे चाळीसगावच्या डोंगरपायथ्याला एके काळी मोकळ्या, कोरडसर गवताळ माळरानाचा प्रदेश असावा, असा त्यावरून अंदाज बांधता येतो. बोटाच्या नखाएवढा एक तुकडा एवढे सांगू शकला, कारण तो कोणत्या थरातून, कोणत्या अवजारांच्या सोबत निघाला याची नोंद ठेवली होती.

या शोधाला जोडून एक महत्त्वाचा धडा पुढच्या संशोधनातून पुढे आला. मध्य भारतात आणि राजस्थानात मिळालेल्या अशाच काही कवचांवरील रेषा प्रथम कोरीव मानल्या गेल्या होत्या, पण नंतरच्या सूक्ष्म तपासणीत त्यांतील अनेकांवरच्या रेषा झाडांच्या मुळांतून स्रवणाऱ्या आम्लाने कवच खाल्ल्यामुळे झालेल्या आढळल्या. पाटणे येथील तुकडा मात्र माणसाच्या हाताचा म्हणून मान्य राहिला. म्हणजे दगड आणि जीवाश्म वेगळे ओळखल्यावरही जीवाश्मावर दिसणारी खूण निसर्गाची की माणसाची, हा पुढचा प्रश्न उरतोच. याच पाटण्यातून गारगोटी आणि जास्पर यांच्या धारदार पात्या मोठ्या संख्येने मिळाल्या. अशी पाती शेतात सापडली तर ती जीवाश्म नाही म्हणून फेकून दिली जाते, आणि त्यामुळे एखाद्या अश्मयुगीन वस्तीचा पुरावा बांधावरच्या ढिगात हरवतो.

पुन्हा काळ्या पाषाणाकडे वळायचे, तर लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये कित्येक वर्षांचा खंड पडत असे, आणि त्या काळात तेथे तळी साचत, झाडे वाढत, बेडूक आणि मासे राहत. पुढचा प्रवाह आला की हे सर्व त्याच्याखाली गाडले जाई. अशा थरांना अंतराट्रॅप थर म्हणतात. मुंबईतील अशा थरांतून बेडकांचे सांगाडे मिळाले. नागपूरजवळील टाकळी येथील गोगलगाई, माशांचे खवले, कीटक आणि फळे यांचे वर्णन स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये केले, तर मध्य प्रदेशातील मोहगाव कलान येथील अश्मीभूत वनस्पतींचा अभ्यास बिरबल साहनी आणि त्यांच्या शिष्यांनी केला. हे थर बहुधा गारगोटीसारख्या कठीण, करड्या किंवा काळसर चर्टचे असतात आणि काळ्या पाषाणातून त्यांचे पट्टे वेगळे उठून दिसतात. त्यांतील अश्मीभूत लाकूड आणि रंगीत पट्ट्यांची गारगोटी यांत गफलत होते. अकिकाचे पट्टे पोकळीच्या भिंतीला समांतर फिरतात आणि शेवटी बंद होतात. लाकडात वाढीची वर्तुळे आणि त्यांना छेदून केंद्रातून निघणाऱ्या किरणरेषा दिसतात, आणि ताडाच्या कुळातील खोड असेल तर वर्तुळांऐवजी सर्वत्र विखुरलेले ठिपके दिसतात, कारण त्यांच्या वाहिन्यांची जुडगी पूर्ण खोडात पसरलेली असतात. कुजलेल्या पाषाणाच्या दोन प्रवाहांमधील तांबड्या मातीचा थर मात्र अंतराट्रॅप तळ्याचा गाळ नसून बहुधा जुन्या जमिनीची भाजलेली माती असते, आणि तीत जीवाश्म फारसे टिकत नाहीत.

जीवाश्म ओळखताना आकार किती दगा देतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील उदाहरणावरून कळते. तेथील लॅमेटा थरात मिळणारे ओबडधोबड, वेड्यावाकड्या आकाराचे गोळे पाहून कोणालाही ते साधे दगड वाटतील. प्रत्यक्षात ती डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा आहे, आणि २००५ मध्ये तिच्यातील सूक्ष्म सिलिकाकणांच्या अभ्यासातून गवताचे अवशेष आढळले, तेव्हा गवताचा उगम समजत होते त्याहून बराच जुना असल्याचे सिद्ध झाले. देखणी अंडी म्हणून पुढे केलेले मुरुमाचे गोटे निरर्थक आणि कुरूप खडे अमूल्य, असा उलटा न्याय या शास्त्रात वारंवार अनुभवास येतो.

खानदेशातील देवघरांतही हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात. नेपाळमधील गंडकी नदीच्या पात्रातून येणारा शाळिग्राम हा सुमारे पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील गाळात तयार झालेला काळा गोळा असून त्याच्या आत दिसणारे चक्र बऱ्याचदा अमोनाइटच्या शंखाचा साचा असतो, ज्यात कप्पे ठरावीक प्रमाणात वाढत जातात आणि शंखावरचे कंगोरे नियमित अंतरावर येतात. नर्मदेतून आणलेले बाणलिंग मात्र गारगोटीच्या कुळातील दगड नदीने घासून गुळगुळीत केल्यामुळे तयार होते आणि त्यात जिवाचा अंश नसतो. श्रद्धेच्या दृष्टीने दोहोंचे स्थान सारखे आहे. भूविज्ञानाच्या दृष्टीने एक जीवाश्म आणि दुसरा खनिज, आणि हा भेद आतील रचनेच्या नियमितपणावरून कळतो.

शंकास्पद वस्तू सापडली तर ती लगेच उचलून घरी आणण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण थरापासून सुटलेला नमुना आपल्या वयाचा आणि ठिकाणाचा पुरावा गमावतो. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून घेतलेले छायाचित्र, गाव व शिवाराचे नाव, जमिनीपासूनची खोली, आजूबाजूच्या मातीचा रंग आणि वस्तू थरात रुतलेली होती की पृष्ठावर सुटी पडलेली होती, एवढे टिपण पुरेसे असते. पुरात वाहून आलेल्या गोट्याबाबत नदीचे नाव आणि जागा लिहून ठेवावी, कारण त्याचे मूळ ठिकाण वरच्या प्रवाहात कोठेही असू शकते. अशी माहिती जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पर्यावरण व भूशास्त्र प्रशाळेकडे, पुण्यातील डेक्कन कॉलेज किंवा आघारकर संशोधन संस्थेकडे, अथवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयाकडे पाठवता येते. भूवारसा स्थळांच्या आणि अवशेषांच्या संरक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. अशा नोंदींचे खरे काम मात्र कायद्याआधी गावातच सुरू होते, कारण तापी आणि गिरणेच्या काठांवर वाळू आणि माती उपसली जाते तेव्हा गाळाच्या थराचा उभा छेद काही दिवसच उघडा असतो, आणि त्या वेळी तेथे हजर असलेला मजूर, शेतकरी किंवा शाळेचा विद्यार्थी यांच्याखेरीज त्याला पाहणारे दुसरे कोणी नसते.